बादली, नागपूरचा मे महिना आणि माझ्या लेखातल्या दोन चुका

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया लांबलचक आहे आणि तिखटही, म्हणून उत्तर स्वतंत्रच लिहायला घेतलं. ‘पहिली हायड्रोपोनिक्स (मातीशिवाय, खताच्या पाण्यातली शेती) बादलीतच करा, किट घेऊ नका’ हा माझा लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. तुम्ही नागपुरात, मे महिन्यात, गच्चीवर रंगाच्या २० लिटरच्या बादलीत लेट्यूस लावलं. तीन आठवड्यांत मुळं तपकिरी, बुळबुळीत झाली आणि रोपांनी माना टाकल्या. शेजाऱ्यांचं पाइपचं तयार किट मात्र डौलात उभं आहे. कृषी सेवा केंद्रात १९:१९:१९ ची (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेल्या खताची) पुडी सहज मिळत असताना मी उगाच चार खतांची यादी दिली. आणि शेवटी ‘स्वस्तातलं सांगून शहाणपण मिरवणारे’ हा आहेर.

आहेर ठेवून घेतो, कारण अर्धा तरी माझ्याच नावाचा आहे. तो लेख मी पुण्यात, डिसेंबरात लिहिला. सकाळी बादलीत बोट घातलं तर हात आखडायचा, अशा दिवसांत. पुन्हा वाचून पाहिला, तर त्यात ‘तापमान’ हा शब्द एकदाही नाही. नागपूरच्या मे महिन्यात गच्चीवर ठेवलेल्या बादलीचं काय होतं, हे मला सुचायला हवं होतं.

होतं ते असं. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना साडेसात. फरक किरकोळ वाटतो, पण पाणी तापलं की मुळांची ऑक्सिजनची भूक वाढते. म्हणजे आवक घटते तेव्हाच खर्च वाढतो. त्यात पिथियम नावाची, बुरशीसारखी वागणारी सूक्ष्मजीवांची एक जात गुदमरलेल्या मुळांवर तुटून पडते. बुळबुळीत, कुजका वास, बोटांनी ओढलं की मुळाची साल निघून आत दोऱ्यासारखी शीर राहते, हे तिचं काम. लेट्यूस तर मुळात थंडीचं. उन्हाळ्यात ते जगलं तरी लगेच तुरा काढतं आणि कडू होतं.

पण सगळं खापर उन्हावर फोडू नका. तुमच्या प्रतिक्रियेत मध्येच एक वाक्य आहे: ‘पाणी उतरलं की रोज काठोकाठ भरत होतो.’ मला वाटतं, घात तिथे झाला. आणि त्याला जबाबदारही मीच, कारण मी नुसतं ‘पाणी कमी झालं तर भरा’ लिहून पुढे गेलो.

बादलीतली ही बिनपंपाची पद्धत हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅटकी यांच्या नावाने ओळखली जाते. तिचं मर्म पाण्यात नाही, पाण्यावरच्या रिकाम्या जागेत आहे. सुरुवातीला पाणी झाकणात बसवलेल्या, रोपाच्या छोट्या जाळीच्या कुंडीच्या बुडाला टेकतं. रोप पाणी पितं, पातळी उतरते, आणि मधे उघड्या पडलेल्या मुळांना बारीक पांढरी लव फुटते. ही हवेतली मुळं. झाकण उचलून पाहिलंत तर वरची लवदार आणि खालची गुळगुळीत, असे दोन थर सरळ दिसतात. श्वास वरच्या थराचा, पाणी पिणं खालच्याचं. तुम्ही काठोकाठ भरलंत की वरचा थर बुडाला. भरायचंच झालं तर निम्म्यापर्यंत, आणि लवदार मुळं कोरडीच ठेवून.

आता शेजाऱ्यांचं किट. पाइपमधून पाण्याचा पातळ पदर वाहत ठेवायची ही रीत इंग्लंडमध्ये ॲलन कूपर यांनी काचघरांसाठी विकसित केली, आणि ती उत्तम आहे, वाद नाही. मीही आधी तेच घेतलं होतं, ३६ छिद्रांचं. एका लग्नासाठी दोन दिवस गावाला गेलो. मागे पंपात मुळांचा गुंता अडकला, आणि परत आलो तेव्हा पालकाची सुकलेली मेथी झाली होती. पाइपमध्ये साठा असा नसतोच. पंप थांबला की उन्हाळ्यात काही तासांत खेळ संपतो. बादलीत रोपाला पुढच्या कित्येक दिवसांचं पाणी पायाशीच असतं. म्हणून पहिली वेळ असणाऱ्याला मी एकच प्रश्न विचारतो: वीज गेली आणि तुम्हीही घरी नसलात, तर रोप किती तास जगेल? शेजाऱ्यांचं किट कधी बसवलंय आणि कुठल्या सावलीत आहे, तेवढं विचारून कळवा. त्यांची टाकी घरात किंवा जिन्याखाली असेल तर निम्मं उत्तर तिथेच आहे.

खतांच्या बाबतीत मात्र मी मागे हटणार नाही. १९:१९:१९ ठिबकवाल्या शेतकऱ्याला चालतं, कारण त्याच्याकडे माती आहे. या खतातला निम्म्याहून अधिक नत्र युरियाच्या रूपात असतो. मातीतले जिवाणू त्याचं आधी अमोनिया आणि मग नायट्रेट करतात तेव्हा तो पिकाच्या नीट उपयोगी पडतो. तुमच्या बादलीत ते जिवाणू नावापुरते. शिवाय या खतात कॅल्शियम अजिबात नाही, त्यामुळे कोवळ्या पानांच्या कडा करपतात. माझी यादी त्याच कृषी सेवा केंद्रातली आहे. पालेभाजीला १० लिटर पाण्यात ६ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट, ३ ग्रॅम १३:००:४५ (पोटॅशियम नायट्रेट), ३ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, २ ग्रॅम ००:५२:३४ (मोनो पोटॅशियम फॉस्फेट) आणि पुडीवरच्या मात्रेने चिलेटेड, म्हणजे पाण्यात विरघळून राहणारी, सूक्ष्म अन्नद्रव्यं. सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा लागतो, चमच्याने मोजू नका. कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या भांड्यात विरघळवून शेवटी घाला. घट्ट द्रावणात ते बाकीच्यांशी भेटलं की खाली पांढरा गाळ बसतो आणि तुमचे पैसे त्या गाळात जातात. पाणी बोअरचं असेल तर त्यात आधीच बरंच काही विरघळलेलं असतं. निदान पहिल्या वेळी नळाचं घ्या.

‘मातीच बरी’ म्हणता, तर मेथी-कोथिंबिरीसाठी शंभर टक्के मातीच बरी. मुळासकट उपटायच्या भाजीसाठी हा सगळा खटाटोप कोण करतो!

मग आता काय? लेट्यूस नोव्हेंबरपर्यंत विसरा. बादली फेकू नका. ब्लीचिंगच्या पाण्याने घासा, स्वच्छ धुवा, उन्हात वाळवा. तिच्यात पुदिन्याच्या काड्या लावा, किंवा नाळीची भाजी मिळाली तर ती, तिला गरम पाण्याचं वावडं नाही. बादली गच्चीवरून काढून सकाळचंच ऊन लागेल अशा जागी ठेवा आणि भोवती ओलं पोतं गुंडाळा. वाळ्याच्या ताट्यांच्या गावाला हे मी काय सांगावं? तुमच्याकडची कोरडी हवा इथे कामाला येते. मुंबईच्या दमटात हीच युक्ती फुकट जाते. वीज गेल्यावर बॅटरीचा आधार असेल तर मत्स्यालयाचा हवेचा पंप लावा, मग पातळीची एवढी चिंता नको. झाकणाच्या फटी मात्र बुजवा. साठलेल्या पाण्यात डास होतात, आणि डेंग्यूच्या दिवसांत पालिकेची माणसं बादलीतल्या पुदिन्याचं कौतुक करायला येत नाहीत. पाऊस सुरू झाला की बादली आडोशाला घ्या, नाहीतर एका सरीत खत पातळ होतं.

मूळ लेखात तापमानाचा आणि पाणी भरण्याचा परिच्छेद आज वाढवलाय, वर ‘नागपूरच्या वाचकांमुळे दुरुस्ती’ असंही लिहिलंय. एक काम करा: दुपारी तीनला बादलीतल्या पाण्यात थर्मामीटर बुडवून आकडा कळवा. पोतं गुंडाळायच्या आधीचा एक आणि नंतरचा एक.