‘डोळ्याला डोळा, चोराचा हात कलम’: त्या फॉरवर्डला उत्तर

हा फॉरवर्ड बरेच दिवस फिरतोय. आता घरच्या ग्रुपवर मामांनीही ‘मुलांना वाचून दाखवा’ असं लिहून तो टाकला, तेव्हा गप्प बसवेना. मजकूर थोडक्यात असा: ज्यूंचा कायदा तीन हजार वर्षांत काडीचाही बदललेला नाही, डोळा फोडणाऱ्याचा डोळा फोडतात, चोराचा हात तोडतात, खुन्याला झटपट दगडांनी ठेचतात, रब्बी म्हणजे त्यांचा पोप, त्याचा शब्द शेवटचा, म्हणूनच इस्रायलमध्ये गुन्हे होत नाहीत, आपणही हेच आणावं.

डोळ्यापासून सुरुवात करू, सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. ‘डोळ्याबद्दल डोळा, दाताबद्दल दात’ हे शब्द तोरात, म्हणजे ज्यूंच्या मूळ पाच धर्मग्रंथांत, आहेत, एकदा नव्हे, तीनदा: निर्गम 21, लेवीय 24 आणि अनुवाद 19. इथवर लिहिणारा बरोबर आहे. पण त्याने निर्गमातलं पुढचं वचनसुद्धा वाचलेलं नाही. तिथे लगेच म्हटलंय की मालकाने आपल्या दासाचा डोळा फोडला तर दास स्वतंत्र होतो. नुसता दात पाडला तरीही. मालकाचा डोळा शाबूत राहतो, दास मात्र हातचा जातो. म्हणजे त्याच परिच्छेदात शब्दशः अर्थाला तडा गेलेला आहे.

आता प्रत्यक्ष न्यायालयात काय व्हायचं ते बघा. इसवी सन 200च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नात, म्हणजे ज्यूंच्या तोंडी चालत आलेल्या कायद्याच्या संहितेत, ‘बाबा कम्मा’ हा भाग आहे. त्याच्या आठव्या अध्यायाचं पहिलंच कलम सांगतं की दुसऱ्याला जखमी करणाऱ्यावर पाच बाबींची देणी लागतात: कायमचं नुकसान, वेदना, उपचार, बुडालेली मजुरी आणि अप्रतिष्ठा. प्रत्येकीचा हिशेब वेगळा.

नुकसानीसाठी जखमी माणूस बाजारात दास म्हणून विकला गेला असता तर आधी किती किंमत आली असती आणि आता किती येईल, यातला फरक काढायचा. पद्धत आजच्या कानाला ओंगळ वाटते, पण तिच्यातून आकडा निघतो. वेदनेसाठी, तशा माणसाने तेवढं दुखणं सोसायला किती पैसे मागितले असते ते ठरवायचं. उपचाराचं कलम तर आजच्या विमा कंपनीला लाजवेल. जखमेमुळे फोड आले तर त्याचाही खर्च मारणाऱ्यावर. दुसऱ्या कारणाने आले तर नाही. जखम भरून पुन्हा चिघळली, पुन्हा भरली, पुन्हा चिघळली, तरी देणं चालूच. एकदा पूर्ण बरी झाली की बंद. बुडालेली मजुरी मोजायची ती काकडीच्या मळ्यावरच्या राखणदाराच्या दराने. का, तर हात किंवा पायाची किंमत पहिल्या बाबीत भरून झालेली असते. तीच पुन्हा धरली तर एका हाताचे दोनदा पैसे होतील. अप्रतिष्ठेची रक्कम कोणी केली आणि कोणाची झाली यावर.

त्याच अध्यायात ठरीव दंडही आहेत. थप्पड मारली तर 200 झूझ (चांदीची नाणी). उलट्या हाताने मारली तर 400, कारण त्यात अपमान जास्त. थुंकी अंगावर उडाली, भर बाजारात बाईच्या डोक्यावरचं वस्त्र ओढलं, तरी 400. ही रक्कम किती मोठी? ज्याच्याकडे 200 झूझ असत, त्याला गरिबांसाठी शेतात राखलेल्या धान्याला हात लावायची मुभा नव्हती, एवढी. आणि पैसे मोजून सुटका नाहीच. जखमी माणसाची क्षमा मागेपर्यंत अपराध फिटत नाही, हेही तिथेच लिहिलंय.

तालमूदमध्ये, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांच्या मोठ्या संग्रहात, यावर पानंच्या पानं वाद आहे आणि त्यातले प्रश्न अगदी व्यवहारी आहेत. आंधळ्याने दुसऱ्याचा डोळा फोडला तर त्याचं काय फोडणार? एकाचा डोळा मोठा, दुसऱ्याचा लहान, मग बरोबरी कशी? डोळा काढताना माणूस मेला तर डोळ्यापायी जीव गेला, त्याचं काय? शिवाय गणना 35:31 म्हणतं की खुन्याच्या जिवाबद्दल खंडणी घेऊ नये. जिवाबद्दल घ्यायची नाही असं मुद्दाम सांगितलंय, त्याअर्थी अवयवाबद्दल घेता येते.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. रब्बी (म्हणजे धर्मशास्त्राचे पंडित) एलिएझर यांचं ‘खराखुरा डोळा’ असं मत तालमूदमध्ये नोंदलेलं आहे. पहिल्या शतकातला इतिहासकार जोसीफसही लिहितो की जखमी माणूस पैशांवर राजी नसेल तर तशीच इजा करावी. तेव्हा फार पूर्वी कुठेच असं झालं नसेल, अशी पैज मी लावणार नाही. पण निदान अठरा शतकं मुख्य प्रवाहाचा कायदा भरपाईचा आहे, आणि फॉरवर्ड बोलतोय आजच्याबद्दल.

चोराचा हात: साफ खोटं. तोरात चोरीची शिक्षा परतफेड आहे. माल हाती सापडला तर दुप्पट. चोरलेला बैल कापला किंवा विकला तर पाचपट, मेंढराला चौपट. हात कापल्याची एक गोष्ट तालमूदमध्ये सापडते, रव हूना या रब्बींची. ती चोरासाठी नव्हे, वारंवार मारहाण करणाऱ्यासाठी. बाकी हात तोडायची हौस असेल तर हम्मुराबी राजाकडे जा. बापाला मारणाऱ्या मुलाचा हात त्याच्या कलमांत आहे, तो बाबिलोनी होता.

‘झटपट दगडांनी’ हा भाग सगळ्यात विनोदी आहे. देहदंडाच्या चार पद्धती कायद्यात आहेत, दगडमार त्यांपैकी एक, हे खरं. पण तिथवर पोचायचं कसं? तेवीस न्यायाधीश. दोन साक्षीदार, नातेवाईक चालत नाहीत. त्यांनी कृत्याआधी आरोपीला बजावलेलं हवं आणि त्याने ‘माहीत आहे, तरी करतो’ असं म्हटलेलं हवं. परिस्थितीजन्य पुरावा बाद, स्वतःचा कबुलीजबाबही बाद. साक्षीदारांना वेगवेगळं विचारायचं: साल, महिना, तारीख, वार, तास, जागा. सुटकेला एका मताचं आधिक्य पुरे, शिक्षेला दोन लागतात. मत सगळ्यात कनिष्ठ न्यायाधीशापासून, म्हणजे वडीलधाऱ्यांचं ऐकून कोणी मान डोलावू नये. सुटका त्याच दिवशी, शिक्षा दुसऱ्या दिवशी, म्हणून शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या, आदल्या दिवशी असा खटला लावायचाच नाही. तेवीसच्या तेवीस जणांनी दोषी म्हटलं तर आरोपी सुटतो, कारण बाजू मांडायला एकही जण उरला नाही! शिक्षेला नेतानाही कोर्टाच्या दारात एक माणूस फडकं घेऊन उभा आणि लांबवर घोडेस्वार. कोणाला सुटकेचा मुद्दा सुचला की फडकं हलायचं आणि घोडा धावायचा.

सात वर्षांत एकाला देहदंड देणाऱ्या न्यायमंडळाला मिश्ना ‘संहारक’ म्हणतं. रब्बी एलाजार बेन अझार्‍या सत्तर वर्षं म्हणतात. रब्बी तार्फोन आणि अकिवा म्हणतात, आम्ही असतो तर कोणीच मेलं नसतं. त्यावर रब्बान शिमोन बेन गमलिएल यांचा टोमणा: मग यांनीच इस्रायलात खुनी वाढवले असते. तो टोमणा खोटा नाही. साक्षीदार नसलेल्या खुन्याला कोंडून हलाखीच्या भाकर-पाण्यावर ठेवायची सोय त्यांना करावी लागली, ती त्यामुळेच.

इस्रायलमध्ये गुन्हे होत नाहीत? मग तिथे पोलीस आणि तुरुंग कशाला आहेत? फौजदारी कायदा क्नेसेट, म्हणजे तिथली संसद, करतं, तालमूद नव्हे. साध्या खुनासाठीचा देहदंड 1954 साली रद्द झाला. तिथल्या नागरी (लष्करी नव्हे) न्यायव्यवस्थेने प्रत्यक्ष फाशी दिली ती आइकमन या नाझी अधिकाऱ्याला, 1962 साली. नाझी छावणीतला पहारेकरी असल्याचा आरोप असलेल्या देम्यान्युकला 1988 साली फाशी सुनावली आणि 1993 साली सर्वोच्च न्यायालयाने ओळखीबद्दल संशय म्हणून सोडून दिलं.

राहिला ‘पोप’. पुरोहित, म्हणजे कोहेन, जन्माने होतो, रब्बी शिकून. ज्यूंना पोप नाही. महायाजकाच्या चुकीबद्दल काय अर्पण करायचं हे लेवीय 4 आधीच सांगून ठेवतं, आणि त्याच्यावर खटलाही चालतो. वर आलेले रब्बी एलिएझर एका भट्टीच्या शुद्धतेवरून एकटे पडले तेव्हा त्यांच्या बाजूने आकाशवाणी झाली, अशी कथा तालमूदच सांगतो. रब्बी यहोशुआ उठून म्हणाले, ‘तोरा आकाशात नाही’. निकाल बहुमताचाच राहिला.

आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंकडे तर शतकानुशतकं रब्बी नव्हतेच. लग्न आणि सुंता त्यांच्यातलेच काजी बघत. तरी शनिवार पाळला म्हणूनच ते ‘शनिवार तेली’, शनिवारी घाणा बंद ठेवणारे.

मात्र लग्न आणि घटस्फोटात रब्बींची सत्ता खरी आहे, हे मान्य. 1953च्या कायद्याने इस्रायलमधल्या ज्यूंचे हे दोन्ही विषय रब्बींच्या न्यायालयांकडे गेले, आणि त्याचा चटका बसला तो याच पेणकर-रोहेकरांना. 1962 साली मुख्य रब्बींच्या कार्यालयाने त्यांच्या लग्नाआधी आई, आजी असा शक्य तितका मागे जाऊन वंश तपासायचा आदेश काढला. लोक जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले. 1964 साली क्नेसेटने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केलं, आणि रब्बींना आदेशातून बेने इस्रायलांचं नाव काढावं लागलं.