टकटक चार्जरची नव्हे

नमस्कार. 10 मेगाहर्ट्झवर ऐकू येणारी टकटक चीनच्या बीपीएम या वेळ सांगणाऱ्या रेडिओ केंद्राची आहे, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. '10 मेगाहर्ट्झवर टकटक ऐकू आली की लगेच चीनचं स्टेशन? सोलापुरात गल्लोगल्ली यंत्रमाग, घरोघरी चार्जर. त्यांचाच आवाज असेल. याला ओळख म्हणत नाहीत, अंदाज म्हणतात,' असं तुमचं म्हणणं. शंका रास्त आहे. सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या माणसाला शॉर्टवेव्हवर आधी ऐकू येतो तो शेजारपाजारच. म्हणून मी तपास घरापासूनच सुरू केला होता. तो लेखात गाळला, ही माझी चूक.

रेडिओ सेलवर लावून घराचा मेन स्विच पाडला. एलईडी ट्यूबची घरघर गेली, टकटक राहिली. पुढच्या रविवारी हिप्परगा तलावाकडे गेलो आणि दहा मीटर वायर बाभळीवर टाकली. तिथे ती आणखी स्वच्छ आली.

त्या रात्रीची वही समोर आहे. 9.25 ला ठोका बदलला. आधी नखाने टिचकी मारावी तसा होता, आता लांबट, 'टुक्' असा. 9.29 ला मोर्स: डा-डिट-डिट-डिट, डिट-डा-डा-डिट, डा-डा. म्हणजे बी, पी, एम. पाठोपाठ चिनी भाषेत बाईचा आवाज. साडेनऊला पुन्हा टिचक्या. 9.40 ला ठोके थांबले, नुसता कॅरियर, म्हणजे ठोक्यांशिवायची मूळ रेडिओ लहर, उरला, आणि 9.45 ला ठोके परत आले. कुठला चार्जर असं वेळापत्रक पाळतो?

बीपीएम हे चीनच्या शान्शी प्रांतातल्या पुचेंगचं वेळ सांगणारं केंद्र. 2.5, 5, 10 आणि 15 मेगाहर्ट्झ या त्याच्या जागा. टिचकी असते सेकंदाच्या शंभराव्या भागाची, यूटीसी म्हणजे जगाच्या प्रमाण वेळेची. लांबट ठोका दहाव्या भागाचा, पृथ्वीच्या फिरण्यावरून मोजलेल्या यूटी1 वेळेचा. हा क्रम दर अर्ध्या तासाने फिरून येतो, त्यामुळे आपल्या साडेपाच तासांच्या फरकानेही मिनिटांचे आकडे बिघडत नाहीत. अमेरिकेचं डब्ल्यूडब्ल्यूव्हीही 10 मेगाहर्ट्झवरच असतं, पण ते दर मिनिटाला इंग्रजीत वेळ सांगतं. तसं काही ऐकू आलं नाही.

आता तुमचा दुसरा मुद्दा: 4625 किलोहर्ट्झच्या रशियन 'बझर'ला मी 'हेरांचं स्टेशन' म्हटलं, ते कशावरून? इथे तुमचं बरोबर आहे. मिनिटाला साधारण 25 वेळा तो गुरगुरतो, अधूनमधून रशियन आवाजात नावं आणि आकडे येतात, एवढं ऐकणारे सांगू शकतात. तो लष्करी असावा असं बहुतेकांना वाटतं, पण तो कशासाठी चालतो हे रशियाने कधी जाहीर केलेलं नाही. सिग्नल ओळखणं वेगळं, त्याचं काम कळणं वेगळं. 1976 पासून जगभर शॉर्टवेव्हवर सेकंदाला दहा ठोक्यांची खडखड यायची. हौशी लोकांनी तिला 'सुतारपक्षी' नाव दिलं, तऱ्हेतऱ्हेचे तर्क लढवले. तो निघाला चेर्नोबिलजवळचा दुगा रडार, येणारी क्षेपणास्त्रं दुरूनच हेरण्यासाठी उभारलेला. कान बरोबर होते, तर्क बरेचसे चुकले होते. मीही 'बझर'बाबत तेच केलं.

लेखातलं ते वाक्य आज काढलं आहे. बीपीएमचं तसंच ठेवलं आहे. घरात शॉर्टवेव्हचा रेडिओ असेल तर आज रात्री 9.25 ला 10,000 किलोहर्ट्झ लावा, गच्चीवर जा आणि 9.29 पर्यंत थांबा. काय ऐकू आलं ते इथेच लिहा, काहीच आलं नाही तरी लिहा.