बिघाड दुरुस्त केला म्हणून शून्य

इंटरनेट कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये मी घेतलेल्या एका कॉलला तपासणीत शंभरपैकी शून्य. त्याखाली लाल अक्षरांत 'फेटल'. आणि वर टीएल, म्हणजे आमचे टीम लीडर, म्हणतात, "मनाला लावून घेऊ नकोस, शिकण्याची संधी आहे." काय शिकू? दुरुस्ती करायची नाही हे शिकू?

कॉल एका काकांचा होता. आवाज थकलेला, पण बोलणं अगदी मुद्द्याचं. "बाळ, वायफाय दिसतं, जोडलंही जातं, पण काही उघडत नाही. बंद करून चालू केलं की कधी चालतं, कधी नाही." मी मागची तिकिटं, म्हणजे त्यांच्या आधीच्या तक्रारींच्या नोंदी, उघडली. ओळीनं तेच. राउटर रीस्टार्ट करायला सांगितला, नेट चालू झालं, तिकीट बंद. पुन्हा फोन, पुन्हा रीस्टार्ट, पुन्हा बंद. प्रत्येकावर 'रिझॉल्व्ह्ड'चा शिक्का. अरे, रिझॉल्व्ह झालं होतं तर हा माणूस पुन्हा पुन्हा फोन कशाला करतोय? एकालाही हा प्रश्न पडला नाही? तिकीट बंद करणाऱ्यांनी निदान मागचं तिकीट तरी वाचायचं!

स्क्रीनवरची स्क्रिप्ट मलाही तेच सांगत होती. रीस्टार्ट. मी नाही सांगितलं. मी काकांना कमांड प्रॉम्प्ट उघडायला लावला, 'आयपीकॉन्फिग' एकेक अक्षर सांगून टाइप करून घेतलं आणि गेटवेचा, म्हणजे कॉम्प्युटर ज्या राउटरमधून बाहेर जातो त्याच्या पत्त्याचा, आकडा वाचायला सांगितला. त्यांनी चष्मा शोधला. मी थांबले. त्यांनी आकडा वाचला, १९२.१६८.०.१. आमच्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो. म्हणजे त्या घरात दुसरंच कुणीतरी पत्ते वाटत बसलं होतं.

"काका, घरात आणखी एखादा राउटर आहे का?"

"मुलानं जुना होता तो आतल्या खोलीत लावलाय. तिकडे रेंज येत नव्हती ना."

झालं. सापडलं. जुन्या राउटरचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याची सोय, चालूच होतं आणि तो लॅनच्या केबलनं नव्याला जोडलेला. दोन्ही राउटर पत्ते वाटणार, ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचं कॉम्प्युटर ऐकणार. आमच्या राउटरकडून पत्ता मिळाला तर नेट चालू, जुन्याकडून मिळाला तर ठप्प, कारण जुन्याच्या मागे इंटरनेटच नाही. म्हणून रीस्टार्ट केल्यावर कधी चालायचं, कधी नाही. सगळी लक्षणं तिकिटांत लिहिलेली होती, कुणी सलग वाचली नव्हती एवढंच. जुन्या राउटरच्या पानावर जाऊन डीएचसीपी बंद करून घेतलं, कॉम्प्युटरनं नवा पत्ता घेतला आणि पानं उघडायला लागली. पाऊण तास गेला असेल. काका म्हणाले, "इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी नीट ऐकून घेतलं." या नोकरीला लागल्यापासून मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

तोच कॉल क्यूएनं, म्हणजे कॉल ऐकून गुण देणाऱ्यांनी, तपासायला उचलला. शेरा काय, तर 'ग्राहकाच्या थर्ड पार्टी उपकरणावर मदत केली. स्कोपबाहेर.' म्हणजे उपकरण दुसऱ्या कंपनीचं, आमच्या कामाच्या हद्दीबाहेरचं. फेटल म्हणजे बाकीचं काहीही बघायचं नाही. ओळख पडताळली, नाव घेऊन बोलले, होल्डवर ठेवलं नाही, बिघाड गेला, सगळं पुसून शून्य. नियमाप्रमाणे मी काय करायला हवं होतं, तर "सर, तुमच्या दुसऱ्या राउटरच्या कंपनीशी संपर्क साधा" म्हणून फोन ठेवायचा.

मला एक सांगा, दोष कुठे आहे हे सापडल्याशिवाय तो स्कोपमध्ये की बाहेर हे ठरणार कसं? मी शोधलं म्हणून तर कळलं की तो जुन्या राउटरमध्ये आहे! ज्यांनी शोधलंच नाही, त्यांची तिकिटं स्वच्छ. ज्यांनी चार मिनिटांत रीस्टार्ट करायला लावून काकांना वाटेला लावलं, त्यांची नावं फ्लोअरवरच्या बोर्डावर पहिल्या पाचांत. मी हे टीएलना विचारलं. उत्तर मिळालं, "टेक्निकली तू बरोबर आहेस, पण..." हा 'पण' मला आता सहन होत नाही. टेक्निकल सपोर्टच्या फ्लोअरवर टेक्निकली बरोबर असण्याला 'पण' लागतो, तर मग दारावरची पाटी तरी बदला.

आणि सर्व्हे! तो राहिलाच. फोन ठेवल्यावर काकांना मेसेज गेला, आमच्या कंपनीची शिफारस मित्रांना कितपत कराल, ० ते १०. काकांनी ५ दिले. खाली लिहिलं, 'शेवटच्या मुलीनं उत्तम काम केलं, पण त्याआधी खूप मनस्ताप झाला.' किती सरळ, किती प्रामाणिक उत्तर! आणि ते पाच माझ्या नावावर लागले. ही मोजण्याची पद्धत फ्रेड राइकहेल्ड यांनी २००३ मध्ये मांडली. तिच्यात ९ आणि १० देणारे तेवढे समर्थक, ७ आणि ८ देणारे कुठल्याच बाजूचे नाहीत आणि ० ते ६ देणारे सगळे नाराज. समर्थकांच्या टक्क्यांतून नाराजांचे टक्के वजा करायचे. शिव्या देऊन शून्य देणारा आणि विचार करून ६ देणारा, दोघांचं वजन सारखंच. दहापैकी आठ म्हणजे चांगले गुण असंच आपण सगळे लहानपणापासून समजत आलो ना? इथे आठ म्हणजे काहीच नाही. आणि प्रश्न विचारलाय कंपनीबद्दल! कंपनीबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर, तेसुद्धा शेवटी फोन उचलणाऱ्या मुलीच्या खात्यावर का? आधीच्या सगळ्यांनी दिलेला मनस्ताप माझ्या पगाराच्या इन्सेंटिव्हमधून का कापायचा? काकांनी माझं कौतुक केलंय, ते लेखी आहे, पण रिपोर्टमध्ये त्या ओळीला रकानाच नाही.

आता निघालंच आहे तर एएचटीबद्दलही, म्हणजे एका कॉलला लागणाऱ्या सरासरी वेळेबद्दलही, बोलते. ट्रेनिंगमध्ये रोज सकाळी 'ग्राहक प्रथम' म्हणायला लावायचे. नेस्टिंगला, म्हणजे ट्रेनिंगनंतर खरे कॉल घ्यायला, बसलो आणि पहिल्याच दिवशी कळलं की प्रथम आहे घड्याळ. कोपऱ्यात सेकंद पळत असतात, ठरलेल्या वेळेपुढे गेलं की आकडा पिवळा, मग लाल, मग टीएल मागे येऊन उभे. कॉल संपला की तिकीट लिहायला रॅप-अपचे काही सेकंद, तेवढ्यात काय लिहिणार? 'रीस्टार्ट केला, ओके.' म्हणून तर पुढच्याला तिकीट वाचून काही कळत नाही! आणि लिहिता लिहिता कानात बीप वाजतो, पुढचा माणूस थेट येऊन पडतो. उचलू का नको हेसुद्धा आपल्या हातात नसतं. पाणी प्यायचं तर ऑक्स, म्हणजे सध्या कॉल घेत नसल्याची खूण, टाका, ऑक्सचे सेकंद वेगळे मोजले जातात.

हे गणित कुठून येतं तेही मी शोधून काढलंय, कारण मला राग आला की मी वाचत बसते. एर्लांग नावाचे डॅनिश गणितज्ञ होते. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करायचे. किती फोन येतील आणि त्यांना पुरायला किती लाइन, किती ऑपरेटर लागतील, याचं गणित त्यांनी बसवलं. त्यावरचा पहिला लेख १९०९ चा, ती प्रसिद्ध सूत्रं १९१७ ची. आजही जगभर कॉल सेंटरचं रोस्टर त्याच पायावर निघतं. तासाला १०० कॉल, प्रत्येक ६ मिनिटांचा, म्हणजे ६०० मिनिटांचं काम, म्हणजे दहा माणसं एक श्वास न घेता बोलत राहिली तेवढं. प्रत्यक्षात दहाहून जास्तच लागतात, नाहीतर क्यू वाढतच जातो. तोच कॉल ५ मिनिटांवर आणला की काम ५०० मिनिटांवर येतं, आठ माणसांच्या थोडं वर. प्रत्येक कॉलमधून एक मिनिट कापलं की जवळपास दोन माणसं कमी! त्या एका मिनिटासाठी हा सगळा छळ चालतो. ते मिनिट म्हणजे काकांनी चष्मा शोधला तेवढा वेळ. आणि या हिशेबात पुन्हा आलेला कॉल नवाच कॉल म्हणून मोजला जातो. काकांच्या सगळ्या फोनची मिनिटं एकत्र केली तर माझ्या पाऊण तासापेक्षा कमी भरतील का? ती बेरीज कुणी करत नाही, आणि मी 'महाग' ठरते.

स्क्रिप्टचाही मला तिटकारा आलाय. पहिल्या अर्ध्या मिनिटात 'तुमची अडचण मी समजू शकते' म्हणायचंच, नाहीतर गुण कापले. माणसानं अजून अडचण सांगितलेलीच नसते! समोरचा चिडून म्हणतो, आधी ऐकून तरी घ्या. त्याचं बरोबरच आहे. आणि शेवटी, काम झालेलं नसताना, 'आणखी काही मदत करू शकते का?' हे वाक्य म्हणताना माझी जीभ जड होते. ज्याची एकही मदत झाली नाही त्याला आणखी कसली विचारायची?

रीस्टार्ट तर स्क्रिप्टमध्ये पानापानावर आहे, पण का आणि कसा करायचा ते कुठेही नाही. प्लग काढून अर्धा मिनिट थांबायचं असतं, कारण आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरलेला असतो आणि लगेच लावलं तर मेमरी पुरती रिकामी होत नाही. मी हे कारण सांगते आणि लोक थांबतात. कारण कळलं की माणसं ऐकतात. पण कारण सांगायला पंधरा सेकंद लागतात, म्हणून तेही 'अनावश्यक संभाषण'.

आणि फोन करणाऱ्यांनो, तुम्हीसुद्धा ऐका. तीन सेकंदांत "हो, केला रीस्टार्ट" म्हणता तेव्हा माझ्यासमोर राउटरचा अपटाइम दिसत असतो, गेले कित्येक आठवडे सलग चालू. खोटं कशाला बोलायचं? मग मला "प्लग काढून पिना काळ्या पडल्यात का बघा" असं आडून सांगावं लागतं, तेव्हा कुठे तो प्लग निघतो. पासवर्ड सांगतानाही तेच. जुन्या पद्धतीच्या फोन लाइनवर ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पोचतो, 'एस' आणि 'एफ' वेगळे ओळखू यावेत अशी सरसर त्याच्या वर राहते. म्हणून मी विचारते, एस कशातला? बहिरी आहे म्हणून नाही विचारत. त्यावर ओरडून तेच अक्षर दहादा म्हटलं तरी माझ्या कानापर्यंत वेगळं काही येत नाही.

आणि ते एक वाक्य, "जरा टेक्निकल माणसाला फोन द्या." अहो, मीच आहे टेक्निकल! माझा आवाज ऐकला आणि ठरवून टाकलं की ही नुसती फोन उचलणारी. परवा एकानं असाच हट्ट धरला, मी शेजारच्या मुलाकडे कॉल दिला. तो माझ्याच बॅचचा. मी जे सांगत होते तेच त्यानं शब्दशः सांगितलं. "बघा, याला कळतं," म्हणाला तो माणूस. लाइन चालू होती, मी ऐकत होते. त्या कॉलचा सर्व्हे दहाचा आला, त्या मुलाच्या नावावर. मुलाची काही चूक नाही, त्यानं स्वतः येऊन सॉरी म्हटलं. पण त्या माणसानं मला म्हणायला हवं होतं ते.

आता उद्या कोचिंगचा फॉर्म येणार आहे. 'स्कोपबाहेर मदत केल्याचं मला मान्य आहे, पुन्हा असं होणार नाही' आणि खाली सही. मी सही करणार नाही. 'एजंटचे म्हणणे' असा एक छोटा चौकोन असतो, तो सगळे रिकामा सोडतात. मी त्यात पुरा कॉल लिहिणार आहे, काकांच्या आधीच्या प्रत्येक तिकिटाच्या क्रमांकासकट. चौकोन पुरला नाही तर मागच्या बाजूला लिहीन. नोकरी पहिलीच आहे, गरजेची आहे, सगळं मला माहीत आहे. तरी ज्या माणसाचा बिघाड मला सापडलाय त्याला 'दुसरीकडे विचारा' म्हणून फोन ठेवायला मला जमणार नाही.

या दोन राउटरच्या भानगडीवर मी नॉलेज बेससाठी एक पान लिहून दिलंय. ते मंजुरीसाठी पडून आहे, कारण विषय स्कोपबाहेरचा. तर इथेच लिहिते. घरात जुना राउटर रेंजसाठी जोडला असेल आणि नेट कधी चालतं, कधी नाही असं होत असेल, तर कॉम्प्युटरवर गेटवेचा आकडा बघा. तो मुख्य राउटरच्या पत्त्याशी जुळत नसेल, तर जुन्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन आधी त्याचा पत्ता मुख्य राउटरच्या रांगेतला पण वेगळा (पहिले तीन आकडे तेच, शेवटचा वेगळा) असा द्या, मग त्याचं डीएचसीपी बंद करा. केबल दोन्ही बाजूंना लॅनच्याच खाचेत ठेवा. मग कॉम्प्युटर एकदा बंद करून चालू करा. आणि सपोर्टला फोन केलात तर पहिल्याच वाक्यात सांगा की घरात दोन राउटर आहेत. पलीकडच्या मुलीला मदत करण्याची इच्छा असेल, तर तिचा अर्धा वेळ वाचेल.