‘वजनाच्या ऑपरेशननंतर माणूस जेवणातून उठतो’, हे खरं नाही

सध्या सांगली-मिरजेकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक लांबलचक मजकूर फिरतोय. वर ठळक अक्षरांत ‘वजन कमी करायच्या ऑपरेशनमागचं सत्य’ आणि खाली एकेक मुद्दा: पोट कापल्यावर माणूस जन्मभर पातळ पेजेवर जगतो. भाकरी परत कधीच पचत नाही. खाल्लं की उलटी ठरलेली. गोड म्हणजे विष. लग्नात, जत्रेत पानावर बसायची सोय उरत नाही. केस जातात, गोळ्या मरेपर्यंत सुटत नाहीत. आणि एवढं सोसून दोन वर्षांत वजन परत येतंच. त्यापेक्षा रोज सकाळी जिऱ्याचं पाणी प्या.

माझं स्लीव्हचं, म्हणजे जठर कापून लहान करायचं, ऑपरेशन होऊन काही वर्षं झाली. मी रोज भाकरी खाते. हा मजकूर वाचून आमच्या गल्लीतल्या एका ताईंनी ठरलेली तारीख पुढं ढकलली. त्यांची साखर आणि गुडघे दोन्ही हाताबाहेर चाललेत, म्हणून हे सविस्तर लिहितेय. त्यातलं जे अर्धं खरं आहे तेही सांगते.

‘जन्मभर पातळ’ हे तर साफ चूक. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. वजनाचं दुसरं ऑपरेशन म्हणजे बायपास (हृदयाचा नव्हे, जठराचा). त्यात जठराच्या वरच्या बाजूला जेमतेम ३० मिलीची पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. दोन्हींत आतली शिवण भरून यायला वेळ लागतो आणि पातळ आहार तेवढ्यासाठीच असतो. पहिले एक-दोन दिवस पाणी, नारळपाणी, गाळलेलं सूप. मग साधारण दोन आठवडे ताक, दूध, प्रोटीन पावडर, पातळ वरण. पुढचे दोन आठवडे मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ खिचडी, उकडलेलं अंडं, कुस्करलेलं पनीर. सहा ते आठ आठवड्यांत बहुतेक लोक घरच्या जेवणावर येतात. डॉक्टरांगणिक दिवस थोडे पुढंमागं होतात, पण ‘जन्मभर’ कुणीच सांगत नाही. मजकूर लिहिणाऱ्यानं पहिला महिना पाहिला आणि तोच सगळं आयुष्य म्हणून छापला.

आता भाकरी. हा मुद्दा आपल्याकडं सगळ्यात जास्त लागतो, कारण भाकरी खाल्ल्याशिवाय आपल्याला जेवल्यासारखं वाटतच नाही.

माझा अनुभव असा, आणि ऑपरेशन झालेल्या इतर बायकांकडूनही हेच ऐकलंय, की ज्वारीच्या भाकरीपेक्षा गव्हाची चपाती आणि ताजा पाव जास्त अडतो. गव्हाचा चिकटा चावताना गोळा होतो आणि तो अरुंद नळीत बसून राहतो. शाळूची भाकरी चुरते. पण ती ताजी आणि मऊ हवी. वाळलेल्या कडा काढून टाकायच्या. सुरुवातीला घट्ट आमटीत किंवा दुधात कुस्करून, चमच्यानं, आणि प्रत्येक घास पंचवीस-तीसदा चावून. भाताचंही सांगते: चार घास खाईपर्यंत काही वाटत नाही, मग छातीत दडपण येतं. म्हणून भात मी शेवटी घेते, तोही दोन-तीन चमचे.

कुस्करून खाणं मात्र कायमची सवय होऊ द्यायची नाही. पातळसर गोष्ट झटकन खाली उतरते, पोट भरल्याचं कळत नाही आणि नकळत जास्त खाल्लं जातं. घट्ट घास नीट जमायला लागले की आमटी कमी करत जायची. वजन परत वाढण्याचं एक कारण इथंच दडलेलं असतं.

आणि पानातला क्रम बदलायचा. आधी प्रोटीन, मग भाजी, मग भाकरी. जागा थोडी असते आणि दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन तरी पोटात जायला हवं. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. आधी भाकरी-ठेचा खाल्ला तर उसळीला जागाच उरत नाही. आमच्या सासूबाईंना हे विचित्र वाटायचं. आता त्याच माझ्या पुढ्यात आधी मटकीच्या उसळीची वाटी ठेवतात आणि मग विचारतात, “भाकरी वाढू का गं?”

‘खाल्लं की उलटी.’ उलटी होते, पण बहुतेक वेळा तिला कारण असतं: घास मोठा, खाण्याची घाई, जेवताना पाणी, किंवा पोट भरल्याची खूण आल्यावरही घेतलेला एक घास. ही खूण आधीसारखी नसते. कुणाचं नाक वाहतं, कुणाला उचकी येते, कुणाला शिंक, कुणाला छातीच्या मधोमध दाटल्यासारखं होतं. ती ओळखायला काही महिने लागतात. ती आली की चमचा खाली ठेवायचा, पानात कितीही उरलेलं असो. पाणी जेवणासोबत नाही, जेवल्यावर अर्ध्या तासानं घोट घोट. जेवण वीस-पंचवीस मिनिटांत, ताट लहान, चमचा लहान.

पण एक गोष्ट गंभीर आहे आणि तिचा त्या मजकुरात उल्लेखही नाही. उलट्या थांबतच नसतील, पाणीसुद्धा टिकत नसेल, तर ‘सवय होईल’ म्हणून घरी बसायचं नाही. नळी किंवा जोड अरुंद झालेला असू शकतो. शिवाय सतत उलट्यांनी बी-१ जीवनसत्त्व संपलं तर मेंदूला आणि नसांना कायमची इजा होऊ शकते. त्याच दिवशी सर्जनला गाठायचं. जळजळही अंगावर काढू नये. स्लीव्हनंतर काहींचं पित्त वाढतं आणि त्यावर उपचार आहेत.

गोडाचं अर्धं खरं आहे. बायपास झालेल्यांमध्ये जास्त आणि स्लीव्हवाल्यांत कमी, पण साखर एकदम आतड्यात उतरली की दहा ते तीस मिनिटांत घाम, धडधड, पोटात कळ, जुलाब होतात. काहींना एक ते तीन तासांनी रक्तातली साखर खाली जाऊन हातपाय थरथरतात. आपण उसाच्या मुलखात राहतो. रसवंतीतला पेलाभर रस म्हणजे निव्वळ साखरेचं पाणी, तो टाळायचाच. कंदी पेढा पूर्ण जेवणाच्या शेवटी कणभर तोंडात टाकला तर बहुतेकांना काही होत नाही, पण आधी घरी बघावं, बाहेरगावी नाही. सोडा आणि कोल्ड्रिंकनं पोट फुगतं, तेही बंद. दारूचं स्पष्ट सांगते, बायपासनंतर ती रक्तात फार लवकर चढते आणि पूर्वीचा अंदाज चुकतो.

पानावर बसण्याबद्दल जे लिहिलंय त्यानं मला सगळ्यात जास्त राग आला, कारण ही अडचण पोटाची नाही, वाढणाऱ्याच्या हाताची आहे. “घ्या की वहिनी, एवढ्यानं काय होतंय!” हे वाक्य मी साखरपुड्यापासून वास्तुशांतीपर्यंत सगळीकडं ऐकलंय. आग्रह प्रेमाचाच असतो, मला कळतं. पण लहान पोटात तो एक घास जास्त म्हणजे पुढचा अर्धा तास मोरीपाशी. मी आता पंगतीत बसतानाच वाढणाऱ्याला सांगते: “दादा, मला वाटीत वाढा, ताटात नको.” उष्टं टाकायची लाज आपल्या हाडात मुरलेली आहे, म्हणून मुळात कमी वाढून घेणं सोपं. जत्रेच्या मटणात मऊ शिजलेला तुकडा किंवा खिमा घेते, कोरडं चिकन घेत नाही. मी बसते, बोलते, शेवटपर्यंत बसते. माझ्या पुढ्यात काय आहे हे कुणी बघतही नाही.

घरच्यांनी एवढं करावं: आग्रह नको, ‘एवढंसंच?’ हा प्रश्न नको, आणि घासन्‌घास मोजणारी नजरही नको.

केस गळतात, हो. तिसऱ्या महिन्याच्या आसपास सुरू होतं, कंगव्यात पुंजके येतात, बघून रडू येतं. शरीरावरचा ताण आणि वजनाची झपाट्यानं घसरण हे कारण. टक्कल पडत नाही, काही महिन्यांत नवे केस येतात. एका वर्षानंतरही गळत असतील तर लोह आणि प्रोटीन तपासून घ्यावं. गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात हे खरं: मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व, आणि वर्षातून एकदा रक्ततपासणी. त्यात लपवण्यासारखं काही नाही. साखरेच्या आणि रक्तदाबाच्या कितीतरी जणांच्या गोळ्या कमी होतात, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. बायपासवाल्यांनी दुकानातून आणलेल्या ब्रुफेनसारख्या गोळ्या टाळाव्यात, जोडापाशी अल्सर होऊ शकतो.

वजन ‘परत येतंच’ म्हणणाऱ्यांसाठी: स्वीडनमध्ये १९८७ पासून ऑपरेशन झालेल्या लोकांचा मोठा अभ्यास झाला. बायपास झालेल्यांचं वजन १० वर्षांनंतरही सरासरी मूळ वजनाच्या २५ टक्क्यांनी कमी होतं. थोडं परत येतं, काहींचं बरंच येतं. दिवसभर थोडं थोडं चरत राहिलं की हमखास येतं.

राहिलं जिऱ्याचं पाणी. ते प्यायला हरकत नाही. पण स्लीव्हमध्ये भूक लावणारं घ्रेलिन हार्मोन बनवणारा जठराचा भागच निघतो आणि भूक खरोखर कमी होते. जिऱ्याच्या पाण्यानं तसं काही होत नाही. गल्लीतल्या त्या ताईंना मी एवढंच सांगितलं, की ऑपरेशनची नवी तारीख घ्या, आणि तोवर आजपासून पाणी जेवणापासून वेगळं करा, लहान चमच्यानं खा, घास चावून खायची सवय लावा. ऑपरेशननंतर जेवण सुरू झालं की हीच तीन कामं पहिल्या घासापासून करायची असतात.