आर्ब की श्लेंदी?

माल्टा देशातल्या गोझो बेटावर राहायला आर्ब बरं की श्लेंदी, अशी या दोन गावांची तुलना एका लेखात वाचली. (स्पेलिंगवरून बरेच जण 'घार्ब' वाचतात, पण माल्टी भाषेत तो 'घ' उच्चारत नाहीत.) लेखकाचा कल श्लेंदीकडे दिसतो. माझं मत उलट. तिथली चिंचोळी खाडी देखणीच आहे, पण उन्हाळ्यात डायव्हिंगवाले आणि हॉटेलांची गर्दी, नि जानेवारीत निम्म्या फ्लॅटची दारं बंद. आर्बला समुद्र दारात नाही, पण चर्चसमोरच्या चौकात बारा महिने माणसं दिसतात. शांततेइतकीच शेजारपाजारचीही गरज असते हो! अर्थात जत्रेच्या दिवसांत फटाक्यांनी तिथेही झोपेचं खोबरं होतं.

एक गोष्ट लेखात राहिली: ओल. चुनखडीच्या जुन्या घरांत हिवाळ्यात आपल्या कोकणातल्या पावसाळ्यासारखी बुरशी धरते. घर फेब्रुवारीत बघा, जूनमध्ये सगळीच गोड वाटतात. दवाखाना आणि मोठी खरेदी व्हिक्टोरिया या गोझोच्या मुख्य शहरातच, दोन्हीकडून बसने जवळ. माल्टाच्या मुख्य बेटावर जायला मात्र फेरीबोटीची पंचवीस मिनिटं धराच.