‘पीपीटी मेल करा’ म्हणणाऱ्या साहेबांचं काय? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

स्लाइडवर मजकूर कमी ठेवा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही सविस्तर आणि रोखठोक प्रतिक्रिया दिलीत, आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हा सल्ला स्टेजवरच्या वक्त्यांना ठीक, ऑफिसात चालत नाही. तांत्रिक विषय चार शब्दांत मावत नाही. मीटिंग संपली की साहेब हमखास ‘पीपीटी मेल करा’ म्हणतात, आणि जो मीटिंगला नव्हता त्यालाही ती कळली पाहिजे. शिवाय समोरच्यांपैकी काहींची मीटिंगच्या भाषेवर पकड नसते, त्यांना वाचायला शब्द लागतात. या सगळ्या अडचणी खऱ्या आहेत. पण म्हणून स्लाइड भरून टाकावी, हे मला अजिबात पटत नाही.

तांत्रिक विषयाचंच आधी घेते, कारण सगळ्यात मोठं नुकसान तिथे होतं. १६ जानेवारी २००३ ला नासाचं कोलंबिया हे अंतराळयान उडालं तेव्हा इंधनाच्या टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून त्याच्या डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी धोक्याचा हिशेब केला आणि तो नासाच्या अधिकाऱ्यांपुढे स्लाइड्सवर मांडला. त्यातली एक स्लाइड पुढे फार गाजली. शीर्षकाचा सूर असा, की चाचण्यांची आकडेवारी पाहता अंदाज सुरक्षित बाजूलाच आहेत. वाचणारा तिथेच निर्धास्त होतो. खाली मुद्दे, उपमुद्दे, त्यांचेही उपमुद्दे. आणि पार तळाशी खरी बातमी: चाचणीतला तुकडा ३ घनइंचांचा होता आणि यानावर आदळलेला अंदाजे १,९२० घनइंचांचा. म्हणजे ६४० पट! ज्या चाचण्यांच्या भरवशावर शीर्षक उभं होतं, त्या या धडकेला लागूच नव्हत्या.

१ फेब्रुवारीला परतताना यान फुटलं आणि सातही अंतराळवीर गेले. अपघात स्लाइडमुळे झाला असं माझं म्हणणं नाही. पंखाला इजा फोमनेच केली होती. पण अपघाताच्या चौकशी मंडळाने, माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी केलेलं या स्लाइडचं विश्लेषण आपल्या अहवालात घेतलं, आणि ती वाचून वरिष्ठ अधिकाऱ्याला जिवावरचा धोका जाणवला नसेल तर नवल नाही, अशा अर्थाची नोंद केली. तांत्रिक अहवाल लिहिण्याऐवजी स्लाइड्सवर भागवण्याच्या सवयीवरही मंडळाने बोट ठेवलं.

म्हणजे गंभीर विषय चार शब्दांत मावत नाही, हे तुमचं बरोबरच आहे. पण भरगच्च स्लाइडमध्येही तो मावत नाही, फक्त मावल्यासारखा दिसतो. त्याला लागतात सलग लिहिलेली पानं. आणि स्लाइडवर जे थोडं राहील त्यात निष्कर्ष सगळ्यात वर हवा, पूर्ण वाक्यात.

एक नेहमीचा नमुना घ्या. शीर्षक: ‘तक्रार निवारण – आढावा’. खाली पाच रंगांच्या पाच रेघांचा आलेख, कोपऱ्यात कुठला रंग कुठल्या टप्प्याचा याची यादी, बाजूला सहा बुलेट. बघणाऱ्याची नजर यादी आणि रेघा यांच्यात येरझारा घालते आणि तेवढ्यात तुमचं बोलणं पुढे निघून जातं. आता शीर्षक बदला: ‘तक्रारी अडतात त्या मंजुरीच्या टप्प्यावर’. मंजुरीची रेघ ठळक, बाकी चार फिकट करड्या. यादी काढून टाका, प्रत्येक रेघेच्या टोकाशी तिचं नाव लिहा. बुलेट सगळे उडवा. माहिती एका आकड्यानेही कमी झालेली नाही, आणि मागच्या रांगेतल्या माणसालाही नेमकं कुठे बघायचं ते कळतं.

भाषा कच्ची असलेल्यांचा तुमचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. माणूस शिकतो कसा याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत असं दिसलं, की चित्र आणि निवेदन असताना तेच निवेदन पडद्यावर शब्दशः लिहिलं तर लोक सहसा कमी शिकतात. कारण उघड आहे, माणूस मनात वाचतो तो तुमच्या बोलण्याच्या पुढे किंवा मागे असतो, बरोबर कधीच नसतो. पण याला अपवाद आहेत: शब्द अनोळखी असतील किंवा ऐकणाऱ्याची ती भाषा नसेल, तर पडद्यावरच्या शब्दांचा उपयोग होतो. तेव्हा संज्ञा, नावं, आकडे जरूर लिहा. परिच्छेद नको. आणि ज्यांना खरंच वाचून समजून घ्यायचंय त्यांना कागद आदल्या दिवशी द्या. पडद्यावरून धावतं वाचन करायला लावण्यात त्यांची कसली सोय?

राहिला मेल. दोन वेगळ्या फायली करायला वेळ कुणाला आहे, असं तुम्ही विचारलंय. दोन फायली लागतच नाहीत. पॉवरपॉइंटमध्ये प्रत्येक स्लाइडखाली नोट्सची जागा असते. जो मजकूर आज तुम्ही बुलेटमध्ये कोंबता तो तिथे लिहा, तोही पूर्ण वाक्यांत, गैरहजर माणसाला समजावताय असं धरून. मग प्रिंटमध्ये ‘नोट्स पेजेस’ निवडून पीडीएफ काढा: वर स्लाइड, खाली तिचं स्पष्टीकरण. मेल करायची ती हीच. बोलताना ‘प्रेझेंटर व्ह्यू’ लावला की त्याच नोट्स फक्त तुमच्या स्क्रीनवर दिसतात, त्यामुळे विसरण्याची धास्तीही कमी होते. (नोट्स समोर असल्या तरी पहिली दोन वाक्यं पाठच हवीत. आवाज कापतो तो तिथेच.) चर्चा रंगली की कीबोर्डवरचं बी बटण दाबा, पडदा काळा होतो आणि माणसं एकमेकांकडे बघून बोलायला लागतात.

कंपनीचं टेम्प्लेट बदलता येत नाही, असंही तुम्ही शेवटी लिहिलंत. नका बदलू. लोगो, रंग, तळपट्टी राहू द्या जिथल्या तिथे. शीर्षकाच्या चौकटीत काय लिहायचं हे बहुतेक टेम्प्लेट सांगत नाही. पुढच्या मीटिंगला तेवढी एक जागा वापरून बघा, ‘आढावा’ खोडून निष्कर्ष लिहा, आणि साहेबांना नोट्सवाली पीडीएफ पाठवा. त्यांनी काय विचारलं ते इथे नक्की कळवा, मला खरंच जाणून घ्यायचंय.