ड्रॅगन मारून पोट भरणारी माणसं

२०१७ मध्ये रेडिटवर एका गेमरनं एक मार्गदर्शिका टाकली होती. विषय काय, तर ‘रूनस्केप’मध्ये व्हेनेझुएलाचे खेळाडू कसे गाठायचे आणि कसे मारायचे. म्हणजे त्यांची पात्रं हो. पण ज्यांच्या पात्रांना मारायचं ती माणसं खरी होती, आणि पात्र मेलं की त्यांची त्या दिवसाची कमाई कमी होत होती. हे तिथल्या बऱ्याच जणांना ठाऊक होतं, आणि काहींना मजा त्याचीच वाटत होती.

हा गेम न खेळलेल्यांसाठी थोडक्यात. केंब्रिजच्या जेगेक्स कंपनीचा हा जुना गेम. त्याची २००७ सालची आवृत्ती त्यांनी २०१३ मध्ये ‘ओल्ड स्कूल’ नावानं पुन्हा सुरू केली. ग्राफिक्स इतके साधे की कुठल्याही खटारा कॉम्प्युटरवर चालतो. त्यात वाइल्डरनेस नावाचा भाग आहे. तिथे दुसरा खेळाडू तुम्हाला मारून तुमच्याकडचा माल पळवू शकतो. हिरवे ड्रॅगन तिथे असतात. ड्रॅगन मारा, हाडं आणि कातडी उचला, जीव वाचवत बँकेपर्यंत पळा, बाजारात विका, परत या. यात कौशल्य फारसं नाही, कंटाळा अमाप आहे. जमलेलं गोल्ड, म्हणजे गेममधली नाणी, मग वेबसाइटवर डॉलरमध्ये विकलं जातं. घेणारे बहुतेक अमेरिका-युरोपातले.

यातून तासाला साधारण अर्धा डॉलर सुटायचा. आपल्याला हसू येईल. पण त्या काळात व्हेनेझुएलात महागाई अशी उसळली होती की महिन्याचं किमान वेतन काळ्या बाजाराच्या दरानं जेमतेम काही डॉलर भरत होतं. त्याच वर्षी लोकांनी हिशेब मांडून दाखवला की एका डॉलरला जितके बोलिव्हर मिळतात, त्याहून कमी ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या दुसऱ्या गेममधलं गोल्ड मिळतं. म्हणजे खऱ्या देशाच्या खऱ्या चलनापेक्षा गेममधलं नाणं महाग. अशा देशातल्या पोरानं दिवसभर ड्रॅगन मारले तर त्याला आळशी म्हणायचं, चीटर म्हणायचं, की काय म्हणायचं?

नियमानं तो चुकतोच, त्याबद्दल वाद नाही. खऱ्या पैशात गोल्ड विकायचं नाही ही अट मान्य करूनच आपण सगळे लॉगिन करतो. आणि या धंद्याची दुसरी बाजू घाणेरडी आहे, तीही लपवायची नाही. बॉटच्या, म्हणजे आपोआप खेळणाऱ्या प्रोग्रॅमच्या फौजा, हॅक केलेली अकाउंट, चोरीच्या क्रेडिट कार्डांवर काढलेली मेंबरशिप. २००७ च्या डिसेंबरमध्ये जेगेक्सनं या सगळ्याला वैतागून थेट वाइल्डरनेसमधली मारामारी आणि मोकळा व्यवहारच बंद करून टाकला. प्रामाणिक खेळाडूंचा गेम त्यात बुडाला, लोक चिडून सोडून गेले, आणि अखेर मतदान घेऊन २०११ मध्ये सगळं परत आणावं लागलं. त्यामुळे गोल्ड विकणाऱ्यांवर राग असणं मला समजतं.

मला न समजणारी गोष्ट ही, की तो राग नेमका सगळ्यात खालच्या माणसावर का निघतो.

‘हे लोक इकॉनॉमीची वाट लावतात’ हे वाक्य प्रत्येक ग्रुपवर कुणीतरी टाकतंच. अरे बाबा, ड्रॅगन मारणारा नाणी छापत नाही. तो हाडं आणतो. ती हाडं विकत घेऊन तूच तुझं प्रेयर नावाचं गेममधलं कौशल्य वाढवतोस, आणि तो दिवसरात्र आणत असतो म्हणून तुला स्वस्त पडतात. त्याच्याकडे जमा होणारी नाणी आधी तुझ्यासारख्यांच्याच खिशात असतात. महागाई वाढते ती जिथे मालाऐवजी थेट नवी नाणीच मिळतात अशा जागा बॉटांनी पिंजून काढल्या की. हा फरक गेममधला बाजार वर्षानुवर्षं कोळून प्यायलेल्यांना कळत नसेल, यावर माझा विश्वास नाही.

आणि हे काही व्हेनेझुएलापासून सुरू झालं नाही. २००७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या पुरवणीत चीनच्या नानजिंगमधल्या वॉरक्राफ्टच्या गोल्ड फार्मरांवर, म्हणजे विकण्यासाठी गोल्ड जमवणाऱ्यांवर, मोठा वृत्तांत आला होता. बारा तासांची पाळी, महिन्यातून दोन-तीनच सुट्ट्या. शंभर गोल्ड जमवले की कामगाराला दहा युआन, म्हणजे तेव्हाचा सव्वा डॉलर. मालक तेच तीन डॉलरला किंवा थोडं वर विकणार. अमेरिकेतल्या खेळाडूपर्यंत पोचेस्तोवर किंमत वीस डॉलरपर्यंत. मधली मलई कुणी खाल्ली ते बघा. गेममध्ये शिव्या मात्र त्या पाळीवाल्या पोरांना, ‘चायनीज फार्मर’ म्हणून.

ती मलई खाणाऱ्यांमध्ये सगळ्यात गाजलेली कंपनी आयजीई, गेममधलं गोल्ड विकणारी. एकेकाळचा बालकलाकार ब्रॉक पियर्स तिचा एक संस्थापक. गोल्डमन सॅक्ससह गुंतवणूकदारांनी तिच्यात सहा कोटी डॉलर घातल्याच्या बातम्या आल्या, आणि तो पैसा आणणारा गृहस्थ होता स्टीव्ह बॅनन. हो, तोच, पुढे ट्रम्पच्या व्हाइट हाउसमध्ये जाऊन बसलेला. बॅननला वाइल्डरनेसमध्ये कसं गाठायचं, याची मार्गदर्शिका कुणी लिहिल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

आता जरा आपल्याकडे वळतो, कारण या विषयावर सगळ्यात कडक बोलणारे माझे मित्र हिंजवडीत बसतात. तुमची-माझी नोकरी कशावर उभी आहे? तिकडच्या माणसाला जे काम महाग पडतं किंवा कंटाळवाणं वाटतं, ते आपण रुपयात करतो आणि बिल डॉलरमध्ये लागतं. अमेरिकेची वेळ सांभाळायला रात्रपाळ्या आपणही केल्यात. फरक एवढाच की आपल्याकडे आयडी कार्ड आहे, पीएफ आहे, आणि क्लायंटबरोबर करार आहे. त्या पोराकडे करार नाही, म्हणून तो चोर? याच ग्रुपमधली काही पोरं बीजीएमआय या मोबाइल गेमची आयडी टेलिग्रामवर विकतात. तेही नियमात बसत नाही, पण ते ‘साइड इन्कम’. वा!

कंपन्यांचं तर विचारूच नका. ‘पैसा आणि गेम वेगळे ठेवा’ असं वर्षानुवर्षं सांगितल्यावर त्यांनी स्वतःच काउंटर उघडला. डायब्लो ३ या गेममध्ये वॉरक्राफ्टवाल्या ब्लिझार्ड कंपनीनं २०१२ मध्ये खऱ्या पैशांचा लिलाव सुरू केला, कमिशनही घेतलं, आणि त्यानं गेमचीच मजा जाते हे कळल्यावर २०१४ मध्ये गुंडाळला. पण शहाणपण टिकलं वर्षभर. २०१५ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचं टोकन आलं: वीस डॉलर भरा, टोकन घ्या, दुसऱ्या खेळाडूला गोल्डच्या बदल्यात द्या. जेगेक्सचा बाँड तसाच. यामुळे काळा बाजार थोडा आवळतो, हे खरं आहे आणि ते श्रेय मी देतो. पण पैसेवाल्याला ग्राइंड, म्हणजे तेच ते काम तासन्‌तास, न करता गोल्ड मिळणं, हे जर खेळाचं पावित्र्य भंग करणं असेल, तर ते बाँडनंही भंगतं. बदललं काय, तर गल्ला.

बॅन करायचंच असेल तर आधी विकत घेणाऱ्यांना करा, आणि कायमचं करा. विकणाऱ्याचं अकाउंट गेलं तर तो संध्याकाळपर्यंत नवं उघडतो, कारण त्याला दुसरा पर्याय नाही. वर्षानुवर्षं जोपासलेलं मुख्य अकाउंट जाणार म्हटल्यावर विकत घेणारा मात्र शंभरदा विचार करेल. पण तो मेंबरशिप भरणारा, चांगला गिऱ्हाईक असतो, आणि कायमचं घालवावं असं गिऱ्हाईक कोणत्या कंपनीला परवडतं?

कमेंटमध्ये विचारणारच आहात म्हणून आधीच सांगतो. नाही, वेबसाइटवरून गोल्ड मी कधी घेतलेलं नाही. बाँड घेतलेत, पगार झाल्यावर, कंटाळा आला म्हणून. बॅन वगैरे काही झालं नाही. पावती आली.